जन्मठेप किती वर्षांची?

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की लवकरच शिरढोण येते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथला, ४ नोव्हेंबर १८४५चा. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करणारे फडके १८७६-७८च्या दुष्काळात पेटून उठले. १८७९च्या आरंभी रामोशांना बरोबर घेऊन त्यांनी दरोडे घातले आणि त्याच वर्षी जुलैत विजापूरकडच्या देवर नावडगीला ते पकडले गेले. पुण्यात खटला चालला, तेव्हा सार्वजनिक काका वकील म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहिले. शिक्षा झाली जन्मभर काळ्या पाण्याची. १८८०च्या जानेवारीत सरकारने त्यांना अंदमानला न पाठवता एडनला नेले. तिथल्या तुरुंगाचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते पळाले, पण पुन्हा हाती लागले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, एडनलाच त्यांचा अंत झाला.

ते जगले असते तर केव्हा सुटले असते, याचे उत्तर त्यांना शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशालाही देता आले नसते. मेकॉलेच्या मसुद्यातून १८६० साली तयार झालेल्या भारतीय दंडसंहितेत जन्मठेपेच्या आसपास दोन आकडे होते आणि दोन्ही भलत्याच कामासाठी होते. कलम ५५ म्हणत होते की सरकारला वाटले तर ते जन्मभराची शिक्षा बदलून जास्तीत जास्त चौदा वर्षांचा तुरुंगवास देऊ शकते. कलम ५७ हे निव्वळ हिशेबाचे कलम. काही गुन्ह्यांच्या प्रयत्नाला मूळ शिक्षेच्या निम्मी शिक्षा असते. मग जन्मभराच्या निम्मे म्हणजे किती? भागाकार जमावा म्हणून जन्मठेप वीस वर्षांची धरा, इतकेच ते सांगत होते. तिसरा आकडा प्रशासनाने व्यवहारात आणला, पंचवीस वर्षांचा. सावरकरांना दोन जन्मठेपी मिळून पन्नास वर्षे झाली आणि त्यांच्या सुटकेचे साल १९६० असे मांडले गेले, ते या तिसऱ्या आकड्यामुळे.

चौदा, वीस, पंचवीस. यांतला चौदाचा आकडा लोकांच्या मनात पक्का बसला. वनवासही चौदा वर्षांचाच असल्याने तो पटायलाही सोपा गेला असावा. आजही गावात कुणाला जन्मठेप झाली की पारावर हिशेब होतो तो चौदा वर्षांचा.

१९४५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने किशोरीलाल खटल्यात सांगितले की जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य. निकालाची फारशी वाच्यता झाली नाही. अंदमानची वसाहत त्याच सुमारास बंद पडली. ‘काळे पाणी’ संपले, पण कायद्याच्या पुस्तकात ती शिक्षा तशीच राहिली. ती १९५५ साली संसदेने काढली. त्या वर्षीच्या सव्विसाव्या कायद्याने १ जानेवारी १९५६पासून काळ्या पाण्याच्या जागी ‘आजन्म कारावास’ हे शब्द आले. किती वर्षे, हे लिहायची ती पहिली संधी होती. संसदेने शब्द बदलले आणि आकडा मोकळाच ठेवला.

ही मोकळी जागा न्यायालयात उघडी पाडली एका मराठी कैद्याने. गांधीहत्येच्या खटल्यात गोपाळ विनायक गोडसे यांना १० फेब्रुवारी १९४९ रोजी जन्मठेप झाली होती. तुरुंगात कैद्याला शिक्षेत सूट मिळते. कैद्यांच्या बोलण्यात ती ‘माफी’. नेहमीची माफी, विशेष माफी, वर्षभर नीट वागल्याची माफी, राज्य सरकारने एखाद्या प्रसंगी जाहीर केलेली माफी. १९६०च्या सप्टेंबरअखेर गोडसेंच्या खात्यावर अशी आठ वर्षांच्या आसपास माफी जमली होती. प्रत्यक्ष भोगलेले दिवस आणि माफीचे दिवस मिळून वीस वर्षे ओलांडतात, तेव्हा माझी शिक्षा संपली, आता मला डांबून ठेवणे बेकायदा आहे, असे म्हणत ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

१२ जानेवारी १९६१ रोजी न्या. सुब्बा राव यांनी निकाल सांगितला. वीस वर्षांचे कलम भागाकारापुरते आहे. जन्मठेप म्हणजे कैद्याचे उरलेले संपूर्ण आयुष्य. तुरुंगाच्या नियमांनी मिळालेली माफी वहीत जमा होत राहते, पण ती वजा करायला मुळात ठराविक आकडाच नसल्याने तिच्या जोरावर कैदी दाराबाहेर पडू शकत नाही. त्यासाठी सरकारने स्वतंत्र हुकूम काढून उरलेली शिक्षा माफ करावी लागते. निकाल कायद्याला धरूनच होता. त्याने एक गोष्ट मात्र कायमची ठरवून टाकली. शिक्षा न्यायाधीश सुनावतो, तिची अखेर मंत्रालयातली फाइल ठरवते.

ती फाइल गोडसेंसाठी १९६४च्या ऑक्टोबरात हलली आणि ते सुटले. महिन्याभरात पुण्यात उद्यान कार्यालयात सत्यनारायणाच्या निमित्ताने सत्काराचा कार्यक्रम झाला. त्यात ग. वि. केतकर यांनी गांधीहत्येच्या कटाची आगाऊ माहिती असल्याचे बोलून दाखवले, त्यावरून संसदेत आणि विधिमंडळात गदारोळ उठला, गोडसे पुन्हा स्थानबद्ध झाले आणि पुढे या कटाच्या चौकशीसाठी कपूर आयोग नेमला गेला. १९४८ साली कुणाला काय माहीत होते, यावर सभागृहांत खूप बोलले गेले. जन्मठेपेच्या कैद्याला केव्हा आणि कोणत्या निकषावर सोडायचे, हा प्रश्न त्या गोंगाटात कुणी हातात घेतला नाही.

आणखी एक मराठी नाव याच काळातले. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे कम्युनिस्ट नेते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी मराठीत एक विज्ञानाचे पुस्तक लिहिले, ‘अणूच्या अंतरंगात’. ते छापायला पत्नीकडे पाठवायची परवानगी त्यांनी मागितली आणि सरकारने नाकारली. पुस्तकात देशाच्या संरक्षणाला बाधक असे काही आहे, असा सरकारचा दावाही नव्हता. युक्तिवाद एवढाच की स्थानबद्धाला नियमांत जे लिहिले आहे तेवढेच मिळते आणि पुस्तक बाहेर पाठवणे नियमांत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हस्तलिखित पाठवू द्या म्हटले. त्याविरुद्ध महाराष्ट्र सरकार थेट दिल्लीपर्यंत गेले, आणि सप्टेंबर १९६५मध्ये तिथेही हरले. न्यायालयाची भूमिका अशी की माणूस तुरुंगात गेला म्हणून त्याचे सगळे हक्क दारावर उतरवून ठेवावे लागत नाहीत. कायद्याने जे काढून घेतले नाही ते त्याचेच राहते. भारतातल्या कैद्यांच्या हक्कांचा पाया म्हणून वकील आजही हा खटला सांगतात. अणूवरच्या त्या पुस्तकाची आठवण त्या मानाने कमी लोकांना आहे.

१९७३च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फाशी द्यायची तर न्यायाधीशाने विशेष कारणे लिहावीत असा दंडक घातला. त्यामुळे खुनाला जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद झाला. याचा ओघानेच येणारा प्रश्न असा की फाशी टळलेला माणूस किती वर्षे आत राहणार. संसदेच्या संयुक्त समितीपुढे तेव्हा दंडसंहितेच्या दुरुस्तीचे १९७२चे विधेयक होते. समितीच्या ध्यानात आले की माफीचे दिवस साठवून काही खुनी पाच-सहा वर्षांतच बाहेर येत आहेत. निदान चौदा वर्षे तरी भोगल्याशिवाय सोडू नये, असे तिने सुचवले.

मग आणीबाणी आली. ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली एकोणीस महिने हजारो माणसे खटल्याशिवाय आत होती. मधु लिमये, मधु दंडवते, मोहन धारिया, मृणाल गोरे यांनी तुरुंग आतून पाहिला. १९७७ साली यांतले बरेच जण लोकसभेत आले, दंडवते आणि धारिया मंत्री झाले. बराकीतली गर्दी, मुलाखतीच्या खिडकीवरची धक्काबुक्की, वॉर्डरची भाषा हे सगळे ठाऊक असलेले एवढे लोक आता एकाच वेळी भारताच्या संसदेत होते.

१९७८ साली या संसदेने केलेले काम म्हणूनच बारकाईने पाहण्याजोगे आहे. मिसा रद्द झाला. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरवले. प्रतिबंधक स्थानबद्धतेची मुदत आवळणारे कलमही त्याच दुरुस्तीत होते. मात्र ते अंमलात आणणारी अधिसूचना ना जनता सरकारने काढली, ना नंतरच्या कुणी. दुसऱ्या बाजूला दोन विधेयके जोडीने चालली होती. दंडसंहितेच्या दुरुस्तीत खुनाला फाशी फक्त काही ठराविक प्रकारांपुरती ठेवायची होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या दुरुस्तीत त्याच्या बदल्यात जन्मठेपेला चौदा वर्षांचा तळ बांधायचा होता. फाशी कमी करा, पण जन्मठेप खरीखुरी करा, असा तो सौदा होता आणि तो समजण्यासारखा होता. दंडसंहितेचे विधेयक राज्यसभेत मंजूर झाले, लोकसभेत अडकले आणि १९७९ साली लोकसभा विसर्जित होताच रद्द झाले. प्रक्रिया संहितेची दुरुस्ती मात्र १८ डिसेंबर १९७८पासून लागू झाली, कलम ४३३-अ म्हणून. सौदा अर्धाच झाला आणि अंमलात आला तो कडक अर्धा.

हे कलम सांगते की ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप मिळालेल्या, किंवा फाशी बदलून जन्मठेप झालेल्या कैद्याला प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगल्याशिवाय सोडता येणार नाही. माफीचे दिवस यात धरायचे नाहीत. पारावरच्या हिशेबात चौदा वर्षे झाली की दार उघडते. कायद्यात चौदा वर्षे झाली की अर्ज विचारात घेता येतो. वरची मर्यादा संसदेने घातलीच नाही, तुरुंग भोगून आलेल्यांच्या संसदेनेही नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी हुकलेली वेळ. माफीच्या वहीत गैरप्रकार होते म्हणून तळ बांधणे ठीकच होते. पण अमुक वर्षांनी प्रत्येक कैद्याचा विचार झालाच पाहिजे, नाकारायचे तर कारण लिहिलेच पाहिजे, एवढे दोन ओळींचे बंधनही सरकारवर घातले गेले नाही.

देशभरातल्या जन्मठेपेच्या कैद्यांनी या कलमाला आव्हान दिले. मारूराम खटला सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठापुढे चालला. न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या ११ नोव्हेंबर १९८०च्या निकालात कलम टिकले. १८ डिसेंबर १९७८पूर्वी शिक्षा झालेल्यांना मात्र ते लागू नाही असे ठरले. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्या दयेच्या अधिकारालाही त्याने धक्का लागत नाही, असेही स्पष्ट झाले.

यानंतर कैद्यांच्या बाजूने जे घडले ते बहुतेक न्यायालयांतच. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्रियांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे त्यांतल्या पाच जणींनी सांगितले होते. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानून निर्मला निकेतनच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन पाहणी करायला सांगितले, आणि फेब्रुवारी १९८३मध्ये स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, स्त्री शिपाई, गरिबांना वकील असे आदेश दिले. त्याच सुमारास न्या. मुल्ला समितीने तुरुंग सुधारणांचा भलामोठा अहवाल दिला. तो कपाटात गेला. तुरुंग चालत राहिले ते १८९४च्या कायद्यावर.

सुधारणा आपल्याकडे कधी झालीच नाही, असे नाही. औंध संस्थानाने १९३०च्या दशकाच्या अखेरीस आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले आणि खुनाच्या कैद्यांना बेडी-भिंतीशिवाय, बायकामुलांसह शेतीवर ठेवले. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७च्या चित्रपटाला बीज मिळाले ते याच प्रयोगातून. एका छोट्या संस्थानिकाला जे जमले ते मुंबई-दिल्लीला नियम म्हणून करता आले नाही.

जन्मठेपेची लांबी पुढच्या काळात वाढतच गेली आणि हा बदल आधी न्यायालयांनी आणला. फाशी जास्त वाटते आणि चौदा वर्षे अपुरी वाटतात, तेव्हा मधला मार्ग म्हणून २००८ सालच्या श्रद्धानंद खटल्यापासून ‘माफीविना’ ठराविक वर्षांची किंवा मरेपर्यंतची जन्मठेप देणे सुरू झाले. २०१५ साली पाच जणांच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी त्यावर शिक्का मारला. मधल्या काळात दिल्लीच्या अत्याचार प्रकरणानंतर न्या. वर्मा समिती नेमली गेली आणि मार्च २०१३मध्ये संसदेने प्रथमच कायद्यात लिहिले की काही गुन्ह्यांत जन्मठेप म्हणजे ‘नैसर्गिक आयुष्याचा उरलेला काळ’. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात नोव्हेंबर २०२१मध्ये उच्च न्यायालयाने फाशी बदलली ती अशाच जन्मठेपेत.

नेमक्या त्याच काळात ब्रिटनची संसद उलटी चालली होती. तिथे २००५पासून ‘समाजाला धोका’ मानलेल्या कैद्यांना अनिश्चित मुदतीची शिक्षा देता येत होती. किरकोळ मूळ शिक्षा संपल्यावरही माणसे वर्षानुवर्षे आत राहू लागली, तेव्हा २०१२ साली ती रद्द झाली. आधीच आत असलेल्यांना मात्र या बदलाचा लाभ दिला नाही आणि त्यावर तिथे अजून वाद चालू आहे.

महाराष्ट्रात कुणी किती वर्षांनी सुटायचे याची कोष्टके गृह विभागाकडे आहेत. १९९२ची आणि २०१०ची मार्गदर्शक तत्त्वे गुन्ह्याच्या प्रकारानुसार वर्षे लावतात. तुरुंग अधीक्षकांचा अहवाल, पोलिसांचा अभिप्राय, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत असे कागद जमतात आणि हुकूम निघतो किंवा निघत नाही. या अधिकाराची दुसरी बाजू गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो सामूहिक बलात्कार प्रकरणात दिसली. खटला मुंबईत चालला, २००८ साली शिक्षा मुंबईत झाली, आणि १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने अकरा जणांना आपल्या जुन्या धोरणाखाली सोडले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. शिक्षा ज्या राज्यात झाली त्या राज्यालाच, म्हणजे महाराष्ट्रालाच, हा अधिकार होता. वरची मर्यादा नसलेला आणि कारणे न मागणारा अधिकार कैद्याला कायमचे आत ठेवू शकतो, तसाच तो पीडितेला न विचारता दारही उघडू शकतो.

पनवेल तालुक्यात आज या प्रश्नाचा पत्ता आहे तळोजा मध्यवर्ती कारागृह. खारघरच्या डोंगरांच्या पायथ्याशी, वसाहतींच्या टोलेजंग इमारतींपासून फार लांब नाही. एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी इथे होते. पार्किन्सनने हात थरथरणारे ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी यांनी नोव्हेंबर २०२०मध्ये पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून न्यायालयाकडे अर्ज केला होता. ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभाही राहिला नसताना, वांद्र्याच्या रुग्णालयात ते वारले. गौतम नवलखा यांना पाठवलेले पी. जी. वुडहाउसचे विनोदी पुस्तक तुरुंगाने सुरक्षेला धोका म्हणून परत केल्याचे एप्रिल २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सांगण्यात आले, तेव्हा न्यायमूर्तींनी हे हास्यास्पद असल्याचे म्हटले. संझगिरींच्या निकालाला तोवर छप्पन्न वर्षे झाली होती.

हे सगळे कच्चे कैदी, म्हणजे शिक्षा न झालेले. २०२२च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्ची. अनिश्चित मुदतीची कैद म्हणायची तर खरी हीच. संसदेने २००५ साली यावर तोड काढली होती. संभाव्य कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला की जामीन, फाशीचे गुन्हे सोडून. डिसेंबर २०२३मध्ये नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला एक तृतीयांश काळानंतर सोडण्याची तरतूद झाली. ती स्वागतार्हच आहे. पण त्याच कलमात फाशीच्या जोडीला जन्मठेपेचे गुन्हेही वगळले गेले. ज्या शिक्षेला अखेर नाही, तिचा निम्मा भाग मोजायचा कसा, ही दीडशे वर्षांपूर्वीची अडचण संसदेने वगळून सोडवली. एकाहून जास्त खटले असलेल्यालाही लाभ नाही. चौदा वर्षांचा तळ नव्या संहितेत कलम ४७५ म्हणून जसाच्या तसा आला. यावर खडाजंगी व्हायला हवी होती. लोकसभेने २० डिसेंबरला आणि राज्यसभेने २१ डिसेंबरला विधेयके मंजूर केली तेव्हा विरोधी पक्षांचे एकशे चाळीसहून अधिक खासदार निलंबित होते, त्यांत महाराष्ट्राच्या सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हेही. बाके रिकामी होती.

तळोजात बरीच वर्षे काढलेला आणखी एक कैदी म्हणजे अबू सालेम. १९९३च्या बॉम्बस्फोटांत आणि एका बांधकाम व्यावसायिकाच्या खुनात त्याला जन्मठेप झाली. पण त्याला पोर्तुगालने दिले होते. पोर्तुगालने जन्मठेप १८८४ सालीच काढून टाकली आहे. त्याला फाशी देणार नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त काळ आत ठेवणार नाही, असा शब्द तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी डिसेंबर २००२मध्ये लिस्बनला दिला. सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०२२ रोजी तो शब्द सरकारला बांधून घातला. १२ ऑक्टोबर २००५पासून पंचवीस वर्षे मोजायची, ती भरली की सरकारने राष्ट्रपतींना सल्ला द्यायचा आणि महिन्याभरात सोडायचे. भारतातल्या खुनाच्या सामान्य कैद्याला जी तारीख कोणताही कायदा देत नाही, ती दहशतवादाच्या खटल्यातल्या कैद्याला एका परदेशी कायद्यामुळे मिळाली. २०२५ साली तो मुंबई उच्च न्यायालयात गेला तेव्हा त्याचा दावा होता की माफीचे दिवस धरले तर पंचवीस वर्षे आताच भरली आहेत. प्रथमदर्शनी तसे दिसत नाही, असे म्हणून न्यायालयाने याचिका सुनावणीला घेतली.